किनाऱ्याचे रक्षण आणि आपली ग्रामशाळा

किनाऱ्यालगतच्या शाळांना भेटी देताना शिक्षकवर्गाकडून एक प्रश्न वारंवार ऐकावयास मिळतो. कांदळवन, किनारा नियमन, खारबंदिस्ती, चक्रीवादळ निवारा अशा निरनिराळ्या विषयांवरील परिपत्रके शाळेत येतात. त्यांनुसार प्रभातफेरी निघते, निबंध लिहून घेतले जातात व अहवाल पाठविला जातो. परंतु या योजनांचा परस्परांशी संबंध कोणता, आणि प्राथमिक शाळेने त्यांत नेमके काय करावयाचे, हे स्पष्ट होत नाही. शिक्षकांची ही अडचण रास्त आहे. तिचे यथाशक्ति निराकरण करावे, या हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे.

माझ्या सेवेच्या प्रारंभीचा एक अनुभव येथे सांगणे अस्थानी होणार नाही. रायगड जिल्ह्यातील खाडीकाठच्या एका गावी मी साहाय्यक शिक्षक होतो. चौथीच्या वर्गातील निम्मी मुले दर पंधरवड्यास तीन-चार दिवस सलग गैरहजर राहतात, असे हजेरीपत्रक भरताना माझ्या ध्यानात आले. हा पालकांचा निष्काळजीपणा आहे असे मी समजलो व तसा शेराही लिहून ठेवला. शाळेतील एका ज्येष्ठ गुरुजींनी तो शेरा वाचला आणि हजेरीपत्रकाशेजारी पंचांग ठेवून पाहण्यास सांगितले. पाहतो तो गैरहजेरीचे सर्व दिवस पौर्णिमा व अमावास्या यांच्या मागेपुढे पडलेले! गावाच्या बांधाला खांड पडली होती. उधाणाचे पाणी शिवारात शिरून शाळेची पायवाट बुडत होती. आणि मोठी माणसे बांधावर चिखल वाहत असताना मुले घर व धाकटी भावंडे सांभाळीत होती. मी तो शेरा खोडला. किनाऱ्यावरील गावाचे जीवन समजून घ्यावयाचे तर प्रथम भरती-ओहोटी समजली पाहिजे, हा धडा मला त्या दिवशी मिळाला.

किनाऱ्याची स्वाभाविक तटबंदी

समुद्राचे पाणी दिवसातून दोनदा चढते व दोनदा उतरते. दोन भरत्यांमध्ये साधारणपणे बारा तास पंचवीस मिनिटांचे अंतर असते. पौर्णिमा व अमावास्येच्या सुमारास सूर्य व चंद्र यांची ओढ एका रेषेत येते व पाणी अधिक चढते. त्यास आपण उधाण म्हणतो. अष्टमीच्या सुमारास पाणी कमी चढते. त्यास भांग म्हणतात. उधाण, मुसळधार पाऊस आणि वादळी वारा ही तिन्ही एकाच वेळी आली म्हणजे किनाऱ्यावर संकट ओढवते. किनारा राखण्याच्या सर्व योजना अखेर या तिहेरी प्रसंगासाठी असतात.

अशा प्रसंगी निसर्गाने किनाऱ्यास काही संरक्षण दिलेले आहे. उघड्या समुद्रावर वाळूची पुळण असते. लाट पुळणीवर धावते, वाळू इकडेतिकडे हलविते व आपले बळ खर्च करून परत फिरते. पुळणीवर जांभळ्या फुलांची जी वेल पसरते, तिला आपल्या लोकांनी मर्यादवेल असे नाव दिले आहे. वाळू धरून ठेवणाऱ्या या वेलीचे कार्य त्या नावात पुरतेपणी आलेले आहे. खाडीच्या आत पुळणीची जागा कांदळवन घेते. तिवराची पेन्सिलीसारखी वर आलेली श्वसनमुळे व कांदळाची कमानदार आधारमुळे पाण्याचा वेग मोडतात, गाळ अडवितात व काठ धरून ठेवतात. कोळंबी, चिंबोरी, बोई, जिताडा यांच्या पिल्लांना याच मुळांच्या जाळीत आसरा व अन्न मिळते. म्हणून कांदळवन तुटले तर काठाबरोबर कोळ्याच्या टोपलीसही खोट येते.

या तटबंदीचे मोल किती, हे ओडिशा राज्यात पाहावयास मिळाले. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी तेथे महाचक्रीवादळ होऊन सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. पुढे अभ्यासकांनी केंद्रापाडा जिल्ह्यातील गावांची तुलना केली, तेव्हा ज्या गावांपुढे कांदळवनाचा पट्टा रुंद होता, तेथे मृत्यूंचे प्रमाण कमी आढळले. कांदळवन वादळ थोपवू शकत नाही; परंतु वादळाने आत लोटलेल्या पाण्याचा जोर ते कमी करते.

खारबंदिस्ती : गावाने केलेले नियोजन

शासनाच्या योजना येण्यापूर्वी कोकणातील शेतकऱ्याने स्वतःचे एक नियोजन केले होते. खाडीकाठी मातीचे बांध घालून त्याने भरतीचे पाणी बाहेर ठेवले व आतील खारजमीन भातशेतीखाली आणली. बांधाला ठिकठिकाणी उघाडी ठेवलेली असते. ओहोटीच्या वेळी तिच्यावाटे शिवारातील पावसाचे पाणी बाहेर पडते व भरती येताच तिचे दार मिटते. पावसाळ्यात गोडे पाणी मातीतील मीठ धुऊन नेते, म्हणून तेथे भात पिकतो. उन्हाळ्यात ओलावा उडून जाताना तेच मीठ पुन्हा पृष्ठभागावर चढते. अशा मातीत तग धरणाऱ्या राता जातीच्या भाताची निवड आपल्या पूर्वजांनी केली होती. पुढे पनवेल येथील खारभूमी संशोधन केंद्राने क्षारसहनशील भाताच्या सुधारित जाती शेतकऱ्यांस दिल्या.

बांधाची निगा एकट्यादुकट्याची नव्हती. अलिबाग-पेण भागात ती 'जोळ' पद्धतीने होत असे. म्हणजे बांधाआड ज्यांची शेते, ते सर्व मिळून बांधाची डागडुजी करीत. स्वातंत्र्यानंतर खोती संपली, कुळकायदा आला व जमिनीची मालकी कसणाऱ्यांकडे गेली. बांधाच्या कामास शासकीय आधार हवा, हे ओळखून १९४८ साली मुंबई खारजमीन अधिनियम करण्यात आला व खारजमिनींच्या विकासासाठी मंडळ स्थापण्यात आले. १९७९ साली महाराष्ट्र खारजमीन विकास अधिनियम झाला. आजही काही बांध शासकीय योजनेत आहेत, तर काही खाजगी आहेत. खाजगी बांधाच्या डागडुजीचा भार मुख्यतः गावकऱ्यांवर पडतो. आपल्या गावचा बांध यांपैकी कोणत्या प्रकारात मोडतो, हे प्रत्येक शिक्षकाने विचारून घ्यावे. पुष्कळ गावांत ही माहिती तरुण शेतकऱ्यांनाही नसते.

एका शेतकऱ्याचा प्रश्न

वर उल्लेखिलेल्या गावी ती खांड वेळेवर बुजविली गेली नाही. जोळ मोडली होती, घरटी एक माणूस कारखान्यात किंवा मुंबईस जात होता, आणि अर्जांचा पाठपुरावा कोणी करावयाचा हे ठरत नव्हते. काही वर्षांनी त्याच शिवारात गेलो असता भाताच्या जागी कमरेएवढे तिवर वाढलेले दिसले. माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील म्हणाले, "गुरुजी, बांध आजोबांनी घातला, भात मी लावला. आता हे तिवर उगवलंय, ते कोणाचं?"

हा प्रश्न टाळून किनारा-रक्षणाची शिकवण देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. कायद्याची स्थिती अशी आहे. ६ ऑक्टोबर २००५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर कांदळवनाच्या तोडीस मनाई केली व १७ सप्टेंबर २०१८ रोजी अंतिम निर्णय देऊन ते संरक्षण कायम केले. जमीन कोणाच्याही मालकीची असो, तिच्यावरील कांदळवन संरक्षित आहे. मालकी एवढ्याने नाहीशी होत नाही. परंतु झाडे तोडून पुन्हा भात लावण्याचा मार्ग प्रायः बंद होतो. म्हणजे बांधाच्या दुरुस्तीस झालेला विलंब काही वर्षांनी कायमचा होऊन बसतो. दुसरीकडे, मोठ्या सार्वजनिक प्रकल्पांसाठी उच्च न्यायालयाची परवानगी घेऊन कांदळवन तोडले जाते व त्याच्या बदल्यात अन्यत्र लागवड केली जाते. शेतकऱ्यास यात अन्याय दिसला तर त्यास अडाणी म्हणून गप्प करू नये. त्याचे दुःख खरे आहे, आणि कांदळवनाची गरजही खरी आहे. खाडीच्या बाजूस कांदळवन व त्याच्या आड सुस्थितीतील बांध, ही रचना दोघांच्याही हिताची आहे. कारण पुढील झाडांमुळे बांधावरील लाटेचा मारा कमी होतो. मात्र बांधाची डागडुजी वेळेवर झाली, तरच ही रचना टिकते.

शासनाच्या योजना

आता शासकीय योजनांकडे वळू. त्यांचे चार भाग पाडले असता त्या ध्यानात ठेवणे सोपे जाते.

पहिला भाग मर्यादा आखण्याचा. केंद्र शासनाने पर्यावरण संरक्षण कायद्यान्वये १९ फेब्रुवारी १९९१ रोजी किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना काढली. २०११ व २०१९ साली तिच्या सुधारित आवृत्त्या आल्या. भरतीरेषेपासून जमिनीच्या बाजूस ५०० मीटरपर्यंतचा समुद्रकाठचा पट्टा या नियमनाखाली येतो. ही भरतीरेषा म्हणजे उधाणाचे पाणी जेथवर चढते ती रेषा होय. खाडीकाठी हे अंतर कमी असते. कांदळवने व भरती-ओहोटीमधील जागा पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक वर्गात येतात. विरळ वस्तीच्या ग्रामीण भागात समुद्रकाठी २०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास सामान्यतः मनाई आहे. किनाऱ्यावरील पारंपरिक वस्त्यांच्या घरांसाठी वेगळ्या तरतुदी आहेत. या नियमांनुसार जिल्ह्याचे नकाशे तयार होतात व ते अंतिम होण्यापूर्वी जनसुनावणी होते. अशा सुनावणीत नकाशा वाचता येणारा एक जरी ग्रामस्थ असेल, तर गावाची बाजू नीट मांडली जाते.

दुसरा भाग निसर्गाची तटबंदी पूर्ववत करण्याचा. २०१२ साली राज्याच्या वन विभागात कांदळवन कक्ष स्थापन झाला व २०१५ साली कांदळवन प्रतिष्ठान उभे राहिले. कांदळवन राखणाऱ्या गावांना खेकडापालन, कालवेपालन, निसर्ग पर्यटन यांसारखी उपजीविकेची साधने मिळावीत, अशी योजनाही राज्यात आहे. २०२० साली पांढरी चिप्पी हा राज्याचा कांदळवृक्ष म्हणून घोषित झाला. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालात महाराष्ट्रातील कांदळवन ३२४ चौरस किलोमीटर असल्याची नोंद आहे. केंद्र शासनाने २०२३ साली 'मिष्टी' ही कांदळवन लागवडीची योजना सुरू केली असून, पाच वर्षांत देशभरात सुमारे ५४० चौरस किलोमीटर क्षेत्र तिच्याखाली आणण्याचे योजिले आहे.

येथे एक सावधगिरीची सूचना करावीशी वाटते. रोप लावले की वन झाले, असे नाही. प्रत्येक जातीला भरतीच्या पाण्याची ठराविक उंची व ठराविक गाळ लागतो. चुकीच्या जागी लावलेली रोपे पहिल्याच पावसाळ्यात वाहून जातात. पुष्कळदा अडलेला प्रवाह मोकळा करून दिला, तर ओहोटीबरोबर आलेले बीज स्वतःच रुजते. शाळेने वृक्षारोपणाच्या उत्साहात पुळणीवर किंवा चिखलात वाटेल ती रोपे लावू नयेत. वन विभागाच्या कर्मचाऱ्यांचा सल्ला अवश्य घ्यावा.

तिसरा भाग बांधकामाचा. खारबांधांची उंची वाढविणे, उघाड्या दुरुस्त करणे व जेथे वस्ती धोक्यात आहे तेथे दगडांचे धूपप्रतिबंधक बंधारे घालणे, ही कामे त्यात येतात. राष्ट्रीय पातळीवरील पाहणीत १९९० ते २०१८ या काळात देशाच्या मुख्य भूमीच्या किनाऱ्यापैकी सुमारे एक-तृतीयांश भागाची धूप झाल्याचे दिसून आले. धूप दिसली की गाव प्रथम बंधाऱ्याची मागणी करते, हे स्वाभाविक आहे. परंतु दगडी भिंतीवर आपटलेली लाट परतताना पायथ्याची वाळू ओढून नेते, आणि भिंतीमुळे वाळूची वाटचाल अडली तर शेजारच्या गावची पुळण झिजू लागते. जेथे घरेच धोक्यात आहेत, तेथे बंधारा अटळ असतो. जेथे पुळण, मर्यादवेल व सुरुबन यांवर निभावते, तेथे ती राखणे अधिक शहाणपणाचे व कमी खर्चाचे होय.

चौथा भाग पूर्वसूचना व आसरा यांचा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. ताशी १०० ते ११० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याने श्रीवर्धन व मुरूड भागातील नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळ फळावर येण्यास पाच-सात वर्षे लागतात. तेव्हा त्या एका दिवसाने कित्येक कुटुंबांची वर्षानुवर्षांची मिळकत नेली. पुढील वर्षी मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेले. अरबी समुद्रातील चक्रीवादळे वाढत असल्याचे अलीकडील अभ्यास सांगतात. राष्ट्रीय चक्रीवादळ जोखीम निवारण प्रकल्पाच्या २०१५ मध्ये मंजूर झालेल्या दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्राचा समावेश झाला. बहुउद्देशीय निवारे, त्यांकडे जाणारे रस्ते, खारबांध व भूमिगत वीजवाहिन्या अशी कामे या प्रकल्पात येतात.

ओडिशाने १९९९ नंतर याच मार्गाने वाटचाल केली. तेथील अनेक निवारे एरवी शाळा म्हणून वापरले जातात. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी फायलिन हे तीव्र चक्रीवादळ त्या राज्यावर आले, तेव्हा सुमारे दहा लाख लोकांना आधीच सुरक्षित जागी हलविण्यात आले होते व मृतांची संख्या काही दशकांपुरती मर्यादित राहिली. सूचना वेळेवर पोहोचली, लोकांनी तिच्यावर विश्वास ठेवला आणि कोठे जावयाचे हे त्यांस ठाऊक होते. यांपैकी विश्वास व माहिती या दोन गोष्टी निर्माण करणे शाळेच्या आवाक्यातील आहे.

शाळेने काय करावे

वरील विवेचनावरून असे दिसून येईल की, प्रत्येक योजना कोठे ना कोठे गावाच्या स्वतःच्या माहितीवर अवलंबून आहे. बांध कोठे खचला आहे, पाणी पूर्वी कोठवर चढले होते, कांदळवन वाढले की घटले, हे सर्वप्रथम गावासच दिसते. ती माहिती लिहून ठेवण्याची सवय लावणे, हे शाळेचे कार्य होय. त्यासाठी पुढील चार उपक्रम सुचवीत आहे. त्यांस वेगळा खर्च लागत नाही.

१. भरतीचा तक्ता. तिथीच्या आकड्यास पाऊणपट केले असता पूर्ण भरतीची वेळ स्थूलमानाने मिळते, हा कोळी बांधवांचा जुना हिशेब आहे. चतुर्थीस चारांची पाऊणपट तीन, म्हणजे सुमारे तीन वाजता. अष्टमीस सहा वाजता. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजावयाचे. मुलांनी हा हिशेब करावा, प्रत्यक्ष वेळेशी ताडून पाहावा व आपल्या खाडीत किती फरक पडतो ते नोंदवावे. अपूर्णांकांचा गुणाकार यासारखा दुसऱ्या कोणत्या उदाहरणाने रुजेल?

२. मिठाचा प्रयोग. दोन वाट्यांत भाताचे दाणे भिजत घालावेत. एकीत गोडे पाणी, दुसरीत खाडीचे. आठवड्याभरात कोणते दाणे रुजले, हे मुलांनी वहीत चित्रासह लिहावे. बांध फुटणे म्हणजे काय, हे त्यांस न सांगता समजेल.

३. गावाचा किनारा-नकाशा. बांध, उघाड्या, खचलेल्या जागा, कांदळवन, पुळण, गोड्या पाण्याच्या विहिरी व वादळात आसऱ्याच्या इमारती त्यात दाखवाव्यात. मागील वादळांत पाणी कोठवर आले होते, हे मुलांनी आजी-आजोबांस विचारून खुणा कराव्यात. हा नकाशा दरवर्षी डिसेंबरात नवा करावा आणि २६ जानेवारीच्या ग्रामसभेपूर्वी त्याची प्रत ग्रामपंचायतीस द्यावी. बांधाचे मातीकाम कोरड्या दिवसांतच होते. पावसाळ्याच्या तोंडावर दिलेली माहिती त्या वर्षी निरुपयोगी ठरते. पाहणीस मुलांना ओहोटीच्या वेळीच, पालकांपैकी दोघांना बरोबर घेऊन न्यावे. चिखलात उतरू देऊ नये.

४. वादळाचा सराव. हवामान खात्याच्या पिवळ्या, नारिंगी व लाल इशाऱ्यांचा अर्थ मुलांस सांगावा. निवाऱ्याची किल्ली कोणाकडे असते, वृद्ध व आजारी माणसे कोणत्या घरांत आहेत, शाळेची दप्तरे कोठे उंचावर ठेवावयाची, हे मे महिन्याची सुट्टी लागण्यापूर्वी निश्चित करून फलकावर लिहावे.

हे उपक्रम केल्याने समुद्र मागे हटणार नाही, आणि ज्याच्या शेतात तिवर उगवले त्या शेतकऱ्यास त्याचे भात परत मिळणार नाही. परंतु पुढील खांड लहान असतानाच ती कोणी तरी नकाशावर दाखविली, तारखेसह लिहिली व ग्रामसभेत वाचली, तर ती वेळेवर बुजविली जाण्याचा संभव पुष्कळ वाढतो. माझ्या त्या विद्यार्थ्याच्या गावी एवढेच झाले नव्हते.

किनारी केंद्रांतील शिक्षकबंधुभगिनींनी आपापल्या शाळेचा किनारा-नकाशा येत्या केंद्र संमेलनास सोबत आणावा, अशी विनंती आहे. तो सुबक नसला तरी चालेल. त्यावर तारीख मात्र असावी. आणि खाडीकाठच्या शाळेत मुले सलग गैरहजर दिसली, तर शेरा लिहिण्यापूर्वी हजेरीपत्रकाशेजारी एकदा पंचांग ठेवून पाहावे.